मुदत संपण्यापूर्वी



१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडावा लागला. मात्र चार वर्षांच्या आत परतून तो पुढे चालवण्याची अनुमती त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परतले आणि तो अभ्यास त्यांनी पूर्ण केला.

फ्रँकफर्टमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना हीच दक्षता हवी. निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. तिचे प्रमाण सध्या महिना ९९२, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला की मुले संकोचाने गप्प राहतात आणि तारीख उलटते, हे आम्ही पाहिले आहे. वास्तविक मुदतीपूर्वी अर्ज दिल्यास निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्याने चालू राहतो. त्याचा तात्पुरता दाखलाही मिळतो. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, पदवीनंतर नोकरी शोधण्यास १८ महिने मिळू शकतात. हे कायद्याने दिलेले आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

म्हणून आधी अर्ज, मग राहिलेली कागदपत्रे. हप्ता अडला असेल, तर वंदनेनंतर आम्हांस सांगा. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. ती लपवण्यात वर्ष वाया जाते.