कचेरीतील आग्रहाचा भार

कचेरीत कुणाला बढती मिळाली की पेढे येतात, कुणाचा मुलगा उत्तीर्ण झाला की सामोसे येतात, निवृत्तांचा निरोपसमारंभ बटाटवड्यांवाचून पार पडत नाही आणि चतुर्थीनंतर आठवडाभर घरोघरच्या नेवऱ्या टेबलाटेबलांवरून फिरत असतात. यात गैर काहीच नाही. परंतु डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितलेला एखादा गृहस्थ नको म्हणू लागला की काय घडते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. 'एकाने काय होते?' असा प्रथम आग्रह, मग त्याच्या पोटावरून थट्टा आणि अखेर 'आमचे गोड आता साहेबांना चालत नाही' असा टोमणा! तो बिचारा मुकाट्याने पेढा तोंडात टाकतो. आमचा संपादकीय कक्षही या पापातून मुक्त नाही.

ही थट्टा गोमंतकाला आता परवडणारी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात. २० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत ते २६.४ टक्के होते. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे चार टेबलांच्या खोलीत एक टेबल मधुमेह्याचे.

वजन ही ज्याची त्याची खाजगी बाब; मालकाने तीत का पडावे, असे कोणी विचारील. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची जेरी मॉरिस यांनी केलेली पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली होती. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या मानाने, जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. कामाचे स्वरूप शरीरावर असे परिणाम करीत असेल, तर आठ तास खुर्चीला जखडलेल्या कारकुनाच्या पोटाचा घेर हा सर्वस्वी त्याचाच दोष कसा?

अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली बाहेर आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे ७ टक्के वजन उतरविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले असता, त्यांना मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलो वजनाच्या माणसाला हे साडेपाच किलोंच्या आसपास झाले. अशक्य कोटीतील मुळीच नव्हे. प्रश्न आहे तो वेळेचा. सत्तरी-पेडण्याहून पहाटेची बस धरून पणजीस येणारी आणि घरी परतताच चुलीपुढे उभी राहणारी भगिनी मिरामारच्या किनाऱ्यावर फिरावयास जाणार केव्हा? दुपारच्या सुटीला जोडून अर्धा तास तिला कचेरीनेच दिला पाहिजे, आणि तेवढा वेळ तिचे टेबल शेजारच्याने सांभाळले पाहिजे.

उपाहारगृहाची गोष्टही तशीच. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगार प्रतिनिधींची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने ती संख्या १०० वर आणली. या समित्यांत भजीचा दर पुष्कळदा गाजतो. वेर्णे-कुंडईच्या कामगार पुढाऱ्यांनी आता भजीच्या तेलाचा विषयही तितक्याच आवेशाने काढावा.

मात्र उत्साहाच्या भरात कुणी कचेरीच्या दारात वजनकाटा मांडून आकडे सूचनाफलकावर लावू पाहील, तर त्यास आमचा सक्त विरोध राहील. वजनाचा आकडा कर्मचारी आणि त्याचे डॉक्टर यांच्यापुरताच असावा. बढतीच्या कागदपत्रांत तो शिरता कामा नये. सहकाऱ्यांकडून अपेक्षा आहे ती याहून पुष्कळच साधी. येत्या निरोपसमारंभात वड्यांच्या ताटाशेजारी पेरूच्या फोडींचे एक ताट ठेवावे, आणि ज्याचा हात तिकडे वळेल त्याला कारण विचारू नये.