मापातले पाप आणि कॉलेजची बॅग

प्रवेशाची धावपळ संपली की ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडणाऱ्या गर्दीचे वय एकदम कमी होते. लॅमिंग्टन रोडकडे, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे, मुले-मुली चालू लागतात. कुणी भायखळ्याच्या साबू सिद्दिकचे, कुणी नागपाड्याच्या महाराष्ट्र कॉलेजचे, कुणी माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे, कुणी परळ-दादरच्या कॉलेजांतले. खिशात घरच्यांनी मोजून दिलेले पैसे असतात. काही जण तिथून पुढे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये किंवा मुसाफिरखान्यात जातात, कारण तीच वस्तू तिथे पन्नास रुपयांनी स्वस्त मिळते असे कुणीतरी सांगितलेले असते. संध्याकाळी पिशवीत चार्जर, केबल, पॉवर बँक, पेनड्राइव्ह आणि इअरबड्स असतात. दोन-अडीच हजार रुपये संपलेले असतात.

लॅपटॉप घ्यायचा तर घरात महिनाभर चर्चा चालते. मामाला विचारले जाते, शेजारच्या इंजिनिअरला बोलावले जाते. या सुट्या वस्तूंची खरेदी मात्र काउंटरवर दहा मिनिटांत उरकते, कारण त्या किरकोळ समजल्या जातात. चार वर्षांत तिसरा चार्जर, पाचवी केबल आणि दुसरी पॉवर बँक घेणाऱ्याने बेरीज करून पाहावी. शिवाय नुकसान फक्त किमतीचे नसते. तीनशे रुपयांचा पेनड्राइव्ह शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गिळतो, तेव्हा ते तीनशे रुपयांचे नुकसान राहत नाही.

संपादकीयात केबल आणि चार्जरवर काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण या बाजारात काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपलीच मुले उभी आहेत. पलीकडे माल दाखवणारा, मोबाइल उघडून दुरुस्त करणारा, गोदामातून खोकी आणणारा मुलगा अनेकदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. अलीकडे उभा असलेला विद्यार्थीही तिथलाच. एकाच गल्लीतली दोन मुले एकमेकांना काय विकतात आणि काय विचारतात, हा आपल्या नागरी जीवनाचाच प्रश्न आहे.

मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात. पूर्वी ते वाण्याच्या तराजूत असायचे. आज ते खोक्यावरच्या आकड्यांत आहे: एमएएच, जीबी, वॅट. शेर कमी भरला तर डोळ्यांना दिसायचे. गिगाबाइट कमी भरला तर दिसत नाही. म्हणून ही मापे वाचता येणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

पेनड्राइव्हपासून सुरुवात करू, कारण सर्वात मोठी फसवणूक तिथेच आहे. ‘दोन टीबी, फक्त पाचशे’ असा माल फुटपाथवर आणि ऑनलाइनही सर्रास मिळतो. आत असते आठ किंवा सोळा जीबीची चिप. तिच्या कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाने विचारले, ‘जागा किती?’ की तो म्हणतो, ‘दोन हजार जीबी.’ तुम्ही फाइल टाकत राहता, नावे दिसत राहतात. खरी जागा संपली की नवी माहिती जुनीवर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही. महिन्याभराने फाइल उघडायला जावे, तर नाव आहे आणि आत काही नाही. उपाय सोपा आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स वा मॅकवर एफथ्री ही मोफत साधने आहेत. ती ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि पुन्हा वाचून पडताळतात. चौसष्ट जीबीला तास-दोन तास लागू शकतात, लागू द्यावेत. ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी, आत काहीही ठेवण्याआधी ही चाचणी करावी. मेमरी कार्ड आणि स्वस्त ‘पोर्टेबल एसएसडी’ यांनाही हेच लागू.

पॉवर बँकेचा हिशेब थोडा वेगळा आहे. खोक्यावर १०००० एमएएच लिहिलेले असते ते आतल्या सेलचे, साधारण ३.७ व्होल्टवर मोजलेले. म्हणजे ३७ वॅट-तास ऊर्जा. फोनला ती ५ व्होल्टवर दिली जाते, तेव्हा गणितानेच आकडा ७४०० वर येतो, आणि रूपांतरातली गळती धरली तर सहा-साडेसहा हजारांच्या आसपास उरतो. ही फसवणूक नाही. चांगले उत्पादक मागच्या बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून तो खरा आकडा छापतात. तो वाचावा, मोठ्या अक्षरांतला नव्हे. आणि वजन पाहावे. दंडगोल लिथियम सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएच मावतात. दहा हजारांसाठी असे तीन सेल लागतात, म्हणजे वरचे कवच सोडून नुसत्या सेलचेच १३५ ग्रॅम होतात. पातळ, चपट्या सेलनेही यात फार फरक पडत नाही. वीस हजार लिहिलेली पॉवर बँक हातात पिसासारखी लागत असेल तर ती खाली ठेवावी. विरारच्या फास्ट लोकलमध्ये, चेंगराचेंगरीत, पाठीवरच्या बॅगेत कसला सेल गरम होतो आहे याची पर्वा आपण एकट्यासाठी करत नसतो.

चार्जर निवडताना ‘फास्ट’ या शब्दाला काही अर्थ नाही. चार्जरच्या पोटावर ‘आउटपुट’ म्हणून जी ओळ असते तिला अर्थ आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. तुमचा लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर असा एकच पॉवर डिलिव्हरीचा चार्जर लॅपटॉप आणि फोन दोघांनाही पुरतो. दोन स्वस्त घेण्यापेक्षा हा एक चांगला घ्यावा. अपवाद इतकाच, की काही फोन कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालते. दुसऱ्यावर फोन चार्ज होईल, पण हळू. सॅमसंगचे काही फोन पीपीएस नावाची सोय असलेलाच चार्जर पूर्ण वेगाने ओढतात.

केबलचे तोंड सारखे आणि पोट वेगळे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप लागते. ती असलेल्या केबलवर १०० किंवा २४० वॅट असे छापलेले असते. फोनसोबत येणाऱ्या बऱ्याच केबल माहिती मात्र जुन्या यूएसबी २.० च्याच वेगाने नेतात, सेकंदाला ४८० मेगाबिट. म्हणून नव्या एसएसडीला चार्जिंगची केबल लावून ‘ड्राइव्ह स्लो आहे’ असे म्हणू नये. एचडीएमआयचा अडॅप्टर घेण्याआधी आपल्या फोनच्या वा लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. अनेक स्वस्त फोनांत ही सोयच नसते आणि अडॅप्टर बिचारा निष्कारण शिव्या खातो.

आता पैसे कशावर आधी घालावेत. माझे मत स्पष्ट आहे: इअरबड्स शेवटी. शे-दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन व्याख्यान ऐकायला उत्तम चालतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो गटारात पडत नाही. पहिला खर्च आपले काम सुरक्षित ठेवण्यावर, म्हणजे एका खऱ्या ड्राइव्हवर. दुसरा साध्या वायरच्या कीबोर्ड-माउसवर. लॅपटॉप चार पुस्तकांवर उंच ठेवून वेगळा कीबोर्ड वापरला की मान वाचते. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर बसून, पुढे बुटके मेज घेऊनही हे जमते. दिव्यांची रोषणाई असलेला ‘गेमिंग’ माउस हा छंद आहे, गरज नाही. छंदाला हरकत नाही, पण तो घरच्यांना ‘प्रोजेक्टसाठी हवा’ म्हणून सांगू नये.

ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण अशी मुले आपल्यात बरीच आहेत आणि ती बोलत नाहीत. ओटीजीची छोटी जोडणी, एक साधे यूएसबी हब आणि जुना कीबोर्ड-माउस फोनला लावला की बहुतेक अँड्रॉइड फोन टाइप करण्याचे यंत्र बनतात. पानेच्या पाने असाइनमेंट अंगठ्यांनी लिहावी लागत नाही. पायथनचा कोड ब्राउझरमधून गूगल कोलॅबवर चालवता येतो. हा लॅपटॉपला पर्याय नाही, पण लॅपटॉप येईपर्यंतचे वर्ष वाया जात नाही.

मुलींविषयीही एक गोष्ट. घरात एकच टेबल असते आणि ते बहुधा भावाला मिळते, हे आपण जाणतोच. खरेदीलाही तोच जातो. ‘तिथे गर्दी असते, तू कशाला’ या एका वाक्यावर तिच्या वाट्याला येते ते त्याच्या पसंतीचे, त्याने वापरून झालेले. लॅमिंग्टन रोडवर जाऊन चार दुकाने फिरणे, भाव विचारणे, आउटपुटची ओळ वाचून ‘हा नको, दुसरा दाखवा’ म्हणणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. बहिणींनी दोघी-तिघींनी मिळून जावे. भावांनी पिशवी धरायला जायला हरकत नाही.

घरच्या विजेबद्दल थोडेसे. जुन्या चाळींत एका प्लगवर फ्रिज, मिक्सर आणि एक्स्टेन्शन बोर्ड लटकलेले असते. लॅपटॉपच्या तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची असते. ती बसत नाही म्हणून मोडू नये, दोन पिनांच्या जोडणीत घुसवू नये. धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात त्याचे कारण बहुधा तेच असते. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नये.

आता कायद्याचे. २०१२ च्या आदेशाने आणि त्यानंतरच्या अधिसूचनांनी लॅपटॉपचे अडॅप्टर, मोबाइल, पॉवर बँक अशा वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली आहे. वस्तूवर मानकाचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप फोनमध्ये घ्या, काउंटरवरच तो क्रमांक टाका. उत्पादकाचे नाव आणि वस्तू जुळते का पाहा. नुसता क्रमांक छापणे कुणालाही जमते. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत असली पाहिजे. ही किंमत सर्व करांसह असते. म्हणून ‘पक्का बिल चाहिए तो अठरा टक्का ऊपर’ हे वाक्य ऐकाल तेव्हा खोक्यावरच्या किमतीकडे बोट दाखवा. तिच्या वर कुणी एक रुपया घेऊ शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच. भिंतीवर ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ अशी पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

पण हे सगळे शस्त्र म्हणून काउंटरपलीकडच्या पोरावर परजू नये. त्याला महिना ठरावीक पगार असतो, माल मालकाने आणलेला असतो, आणि ‘फर्स्ट कॉपी’ आणि खरा माल यांतला फरक त्यालाही कुणी शिकवलेला नसतो. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जगातल्या बदनाम बाजारांच्या यादीत हाजी अलीजवळच्या हिरा पन्नाचे नाव घातले. अशा यादीचा डाग त्याच बाजारात सचोटीने धंदा करणाऱ्यांच्या कपाळीही लागतो. ‘हा ओरिजिनल नाही, डुप्लिकेट आहे, चाललं तर चाललं’ असे तोंडावर सांगणारे दुकानदारही याच गल्ल्यांत आहेत, आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक टिकून आहे. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुराणात एक अख्खी सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. जुम्याला पहिल्या सफेत बसणाऱ्या व्यापाऱ्याला ती माहीत असते. सोळा जीबीवर दोन टीबीचे लेबल लावणे हे तेच कमी माप आहे, हे त्याला आपल्या मुलांनी आदराने सांगायला हवे.

यासाठी एक काम लगेच करता येईल. कॉलेज सुरू होण्याच्या काळात मदनपुरा, नागपाडा, भायखळा, माहीम, जिथे वाचनालय किंवा जमातखान्याची खोली मिळेल तिथे, दर रविवारी दुपारी दोन तास एक तपासणीचे टेबल मांडावे. लागते काय? एक जुना लॅपटॉप, त्यात वर सांगितलेली दोन मोफत साधने, लॅमिंग्टन रोडवरच काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी पॉवर मीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन मुले व दोन मुली. कुणीही नवी वस्तू आणावी, मोजून घ्यावी, आकडा वहीत लिहावा. वहीत दुकानाचे नाव नको, फक्त वस्तू, छापलेले माप आणि निघालेले माप. दुकानात काम करणाऱ्या मुलांनाही बोलवावे, त्यांनी आपला माल आणून मोजावा. मागील दाराने का होईना, ते येतील. पॉवर मीटर कसा वाचायचा हे शिकवायला मी आणि माझे दोन सहकारी कोणत्याही रविवारी यायला तयार आहोत. जागेचा पत्ता आणि वेळ तेवढी कळवा.