‘बस’ म्हणणारी बाई

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला मी शेजारणीच्या सोबतीने गेले होते. मन बिघडलेल्या माणसांना घेऊन घरची मंडळी तिथे दिवसेंदिवस राहतात. मूर्तीने बरं वाटतं की नाही, हा वाद मला घालायचा नाही. डॉक्टरची औषधं बंद करू नका, एवढं मी भेटेल तिला सांगत होते. पण एक गोष्ट पाहिली. नवीन आलेल्या आईजवळ सगळ्यांत आधी सरकली ती शेजारच्या चटईवरची दुसरी आई. म्हणाली, “माह्या पोराचं बी असंच होतं वो बाई. बस इथं.”

तुरुंगातून सुटून आलेल्या बाईला हे ‘बस’ कोण म्हणतं?

आमच्या भागातली एक बाई चौदा महिने आत राहून निर्दोष सुटली. संत्र्याच्या तोडीला जायची, ते काम गेलं. मला म्हणाली, “ताई, मले कोणी शिवी नाही देल्ली. पण कोणी बस बी नाही म्हटलं.” आमच्या महिला मंडळाने तिला एक साडी दिली, फोटो काढला. तिने विचारलं, मंडळाच्या स्वयंपाकात हात लावू का? त्यावर आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहू लागलो. मीही त्यात होते, हे लिहायलाच हवं.

निर्दोष होती म्हणून मी तिची बाजू घेत नाही. दोषी असती आणि शिक्षा भोगून आली असती, तरी हेच लिहिलं असतं. आणि ‘जेलात गेली म्हणजे काहीतरी केलंच असेल’ असं म्हणणाऱ्या बायांनी एक आकडा पाहावा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती; त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही अशी. चारांतली तीन!

पर्युषणात आपण सम्यग्दर्शनाची आठ अंगं ऐकतो. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचा दोष झाकणं, स्थितीकरण म्हणजे डळमळलेल्याला पुन्हा उभं करणं. उपगूहन तर आपल्याला फारच छान जमतं, फक्त आपल्या घरापुरतं. चेक बाउन्समध्ये आत गेलेला शेटजींचा मुलगा ‘बाहेरगावी’ असतो. परत आला की त्याची गादी त्याच्यासाठी रिकामीच असते. तोडीच्या बाईसाठी मात्र आपण एकदम न्यायाधीश.

मला दयाळू बायांचाच जास्त राग येतो. कारागृहात राखी बांधायला जायचं, फराळ वाटायचा, प्रवचन ठेवायचं. तीच माणसं फाटकाबाहेर आली की आपली गाडी निघून गेलेली असते! सुटका संध्याकाळी उशिरा झाली, शेवटची एसटी चुकली, तर रात्र कुठे काढायची? जामिनाच्या अटीप्रमाणे ठाण्यात हजेरी कधी द्यायची, पुढची तारीख कोणाला विचारायची, रेशनकार्डात नाव राहिलं का, सासरी ठेवलेलं पोर ओळख देईल का? यातलं मला काही ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. जी आत राहून आली तिला ठाऊक आहे. म्हणून हे काम तिच्याच हाती हवं, आणि आपण तिच्या हाताखाली.

हे काही माझं खूळ नाही. १९६० साली विनोबांपुढे शस्त्रं ठेवणाऱ्या चंबळच्या बागींमध्ये लोकमन दीक्षित होते. १९७२ मध्ये जयप्रकाशांसाठी तेच पुन्हा खोऱ्यांत गेले, बाकीच्यांना समजवायला. बागींनी विश्वास ठेवला तो बागीवर. आपल्या मराठी मुलखात लक्ष्मण गोळे आहेत. मुंबईच्या टोळीतला माणूस. तुरुंगात गांधीजींची आत्मकथा वाचून गुन्हे कबूल केले, आणि सुटल्यावर सर्वोदय मंडळाबरोबर कारागृहांत जाऊन कैद्यांशी बोलू लागले. आमची हजार प्रवचनं एका बाजूला आणि “मीही इथेच होतो” हे वाक्य एका बाजूला.

“घरात वयात आलेल्या मुली आहेत, उद्या काही झालं तर?” हे मला तीन जणींनी विचारलं. ही भीती खोटी नाही. ज्याने बाईवर हात टाकला त्याला उद्या आपल्या ओसरीवर बसवा, असं मी सांगत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारात माफी मागायला जबरदस्तीने माणूस नेणंही मला मान्य नाही. पण कोण पुन्हा बिघडत चाललाय, कोणाचे जुने सोबती परत यायला लागले, ही खबर आपल्याला मिळते पोलीस आल्यावर. त्याच्यासोबत आत राहिलेल्याला ती आधी लागते. एकट्या पडलेल्या माणसाची भीती जास्त, की चारचौघांत असलेल्याची?

मंडळाच्या कोठारावर एक खोली आहे. जुनी भांडी, तुटकी पंगतीची पाटं, बाकी काही नाही. तिथे एक सतरंजी, एक फोन, पहिल्या महिन्याचा शिधा आणि फाटकापर्यंत जायला गाडीभाडं, एवढंच मागते. हिशेब ती ठेवील. कोणाला बोलवायचं, कोणाला नाही, तेही तीच ठरवील.

खोलीची चावी सध्या माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीला मी तिला सोबत आणणार आहे आणि चावी तिच्या हातात देणार आहे. ज्यांना चालणार नाही, त्यांनी मला फोन करू नये. तिथे, तिच्यासमोर सांगावं.