हॉटेलात मराठी कुणाशी बोलायची?

परदेशी स्थायिक झालेल्यांच्या मुलांची मराठी का जाते, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे : आईबाप घरात मराठी बोलत नाहीत म्हणून. नाशकात २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, भाषेविषयी जे बोलले जाते त्यात हे उत्तर हमखास येते, आणि ज्यांची नातवंडे न्यू जर्सीत वा लंडनात आहेत असे आजी-आजोबा श्रोत्यांत बसून माना डोलावतात. या उत्तराशी आमचे भांडण आहे. आमच्या मते मुलाची मराठी मरते ती घरात नव्हे, हॉटेलात. आणि ‘घरात तरी मराठी बोला’ हा उपदेश तिच्या मरणाला हातभारच लावतो.

विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून उकलून सांगतो. एखादे मराठी जोडपे परदेशात तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन बाहेर जेवायला जाते, तेव्हा त्या टेबलावर काय बोलले जाते ते कान देऊन ऐकावे. उंच खुर्ची मागितली जाते ती इंग्रजीत, आणि ते क्रमप्राप्तच आहे. मग रंगीत खडू येतात, चित्रांचा कागद येतो, मेन्यूकार्ड येते. ‘पास्ता हवा की नगेट्स?’ हा प्रश्न आई मुलाला विचारते तोही इंग्रजीत. निवड इंग्रजीत, हट्ट इंग्रजीत, शेवटी दाखवायचे आइस्क्रीमचे आमिषही इंग्रजीत. मराठी येते ती आवाज खाली आणून, दातओठ खाऊन : ‘हळू बोल.’ ‘सांडू नकोस.’ ‘लोक बघताहेत.’ ‘घरी चल, मग बघते तुझ्याकडे.’ शेजारच्या टेबलाला कळू नये एवढ्याचसाठी ती वापरलेली असते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर मराठीच्या वाट्याला उरतो तो आज्ञार्थ, आणि तोही बहुधा नकारार्थी. विध्यर्थ-संकेतार्थाचे सगळे ऐश्वर्य दुसऱ्या भाषेकडे जाते. मूल काही खुळे नसते. भाषेची परंपरा, तिचे संतवाङ्मय त्याला ठाऊक नसते. तिच्यामुळे पदरात काय पडते एवढे मात्र अचूक कळते. एका भाषेत मागितले की आइस्क्रीम येते, दुसरी ऐकू आली की डोळे वटारले जातात. त्याने कोणती निवडावी अशी आपली अपेक्षा आहे?

यात परदेशी हॉटेलाला दोष देऊन भागणार नाही. मुलांचा वेगळा मेन्यू ही तशी विसाव्या शतकातली गोष्ट. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली, दारूचे उत्पन्न बुडाले, आणि नवे गिऱ्हाईक शोधताना हॉटेलवाल्यांची नजर मुलांकडे वळली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियाने १९२१ मध्ये मुलांसाठी मेन्यू काढला. टोकियोच्या मित्सुकोशी या दुकानातील भोजनगृहाने १९३० मध्ये असेच मुलांचे ताट सुरू केले. हेतू धंद्याचाच होता हे खरे. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. वेटर वाकून थेट मुलाला विचारू लागला, ‘तुला काय हवे?’ आपल्याकडे तो हा प्रश्न वडिलांना विचारतो, मुलाविषयी, तृतीय पुरुषात. इंग्रजीने मुलाला द्वितीय पुरुष देऊ केला आणि मराठीने दिला नाही, ही लढाई तिथेच निम्मी हरलेली असते.

यावर कुणी डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण पुढे करील. नाशकात डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. बालपण बनारसला, शाळा हिंदी माध्यमाची, पुढे दीड दशक केंब्रिजला. तरी मराठी राहिली ना? राहिली. पण तिच्याकडून त्यांनी काय काम करून घेतले तेही पाहा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणारा लेखक भाषेला देवघरात ठेवत नव्हता. तो तिला घराबाहेरचे, किंबहुना पृथ्वीबाहेरचे काम सांगत होता. घरात राखून ठेवलेली भाषा आणि कामाला जुंपलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा हे मोलाचे काम आहे आणि त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पण रविवारी तासभर बाराखडी गिरवून मंडळी पिझ्झा खायला जातात आणि तिथे ‘कोणता घेऊया?’ हा प्रश्न इंग्रजीत पडतो, तेव्हा सकाळची शिकवणी दुपारीच रद्द झालेली असते. चारचौघांत आपल्या भाषेत बोलणे असभ्य, असे काही पालक म्हणतात. वेटरशी त्याच्या भाषेत बोलावे हा शिष्टाचार आम्हांलाही मान्य आहे. पोटच्या पोराशीही त्याच्याच भाषेत बोलावे, असे कोणत्या शिष्टाचारात लिहिले आहे? ही सभ्यता नव्हे, संकोच आहे.

आणि हा संकोच त्यांनी विमानात बसल्यावर कमावलेला नाही. तो इथूनच सामानात बांधून नेलेला आहे. आमच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा. मेन्यूकार्ड इंग्रजीत, वेटर पेठ-सुरगाण्याचा, गिऱ्हाईक पंचवटीचे आणि संभाषण हिंदीत : ‘भैया, थोडा जल्दी लाना.’ त्याच टेबलावर मुलाला मात्र ‘फिनिश युवर फूड’. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे आम्ही वाटले. पण त्या अभिजात भाषेत सॉसची बाटली मागायला आम्हांला लाज वाटते! वाङ्मयाच्या वर्गातही हेच. स्थलांतरितांच्या कथेतले वरणभात नाकारणारे मूल संस्कृतीच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हणून फळ्यावर मांडले जाते. त्या मुलाला काय हवे हे मराठीत कुणी विचारले होते का, असा प्रश्न परीक्षेत आलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

गावाबाहेरच्या मळ्यांत झोपाळे टांगलेली मिसळीची ठिकाणे आहेत. तिथे अजून रस्सा, तर्री, पाव हे सारे मराठीत मागितले जाते. सुट्टीत आलेल्या नातवाला तिथे नेण्याची आता रीतच झाली आहे. आजोबा त्याला मिसळीचा महिमा ऐकवतात, तोही ‘व्हेरी स्पायसी हं’ अशा भाषेत. फोटो निघतो, आणि पाव संपला की आजोबाच हात वर करून आणखी मागवतात. तो पाव नातवाला मागू द्यावा. ‘काका, अजून एक पाव द्या’ या वाक्याने खरोखरीच पाव येतो, हे त्याने एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावे.