चहाची वेळ जरा पुढे ढकला

पाहुणे आले, चहा. डोकं दुखतंय, चहा. बाजारातून दमून आलो, चहा! आणि घरातल्या बाईचं तर ‘आता जेवायला सवड नाही, अर्धा कप चहाच घेते’ हे ठरलेलंच. आमच्या शाळेतही मधल्या सुट्टीत डबा संपतो न संपतो तोच किटली येते. चहा सोडा असं मी मुळीच सांगणार नाही. पण भगिनींनो, तो केव्हा घेतो याचा विचार आपण करतो का?

चहाच्या पानांतला तुरट अंश जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. मेथीची भाजी, डाळ, बाजरीची भाकरी एवढं सगळं रांधायचं आणि वर लगेच चहा घेऊन त्यातलं लोह वाया घालवायचं, असा हा उलटा हिशेब होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण चहाची वेळ बदलणं तर आपल्या हातात आहे ना? जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा नको. जेवताना लिंबाची फोड मात्र जरूर घ्या, तिच्यामुळे लोह चांगलं लागतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका.

मग तलफ आली तर काय प्यावं? चहा हा पदार्थ आणि त्याचं नावही मुळात चीनचं. तिथे तो बहुधा दूध-साखरेवाचून पितात. शिवाय चहाची पत्ती नसलेली कितीतरी पेयं तिथे घरोघरी होतात : वाळवलेल्या शेवंतीच्या फुलांचं पाणी, आलं आणि तांबड्या साखरेचा काढा, सुकवलेली लाल बोरं उकळून केलेलं पेय. ऐकून वाटतं ना, की हे तर आपल्याच घरातलं? आपली सुंठ-गुळाची गोळी काय वेगळी आहे? आणि ती बोरं तर आपल्या बोरांच्याच कुळातली. (हाराची शेवंती मात्र उकळायला घेऊ नका हं, तिच्यावर औषधं फवारलेली असतात.)

दिवसाचा तिसरा-चौथा कप असा पत्तीवाचूनचा करून पाहा.

गवती चहा : दोन कप पाण्यात चार-पाच पाती कात्रीने कापून घाला, आल्याचा तुकडा ठेचून टाका. उकळी आली की उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा. गूळ हवा तर गाळल्यावर घाला.

धने-जिऱ्याचं पाणी : एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे दोन कप पाण्यात दीड कप होईपर्यंत उकळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गार करून माठाशेजारी ठेवलं की येता-जाता घेता येतं.

हळदीचं दूध : एक कप दुधात पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, थोडं तूप. तूप-मिऱ्याने हळद अंगी लागायला मदत होते. दुधानेही लोहाला अडथळा होतो, म्हणून हे जेवणानंतर दोन तासांनी, निजताना घ्यावं.

हळद तर आपल्या हिंगोलीचीच! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी पिवळ्याधमक रंगाला भुलू नका. रंग खुलावा म्हणून हळदीत शिशाचं रसायन मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. आपण हळदीच्याच मुलखात राहतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं आणावीत, उन्हं द्यावीत आणि गिरणीतून दळून आणावीत. वर्षाची बेगमी होते आणि मनही निर्धास्त.

आता एक सांगायलाच हवं. ‘घरगुती आहे, कितीही घ्या’ हे म्हणणं बरोबर नाही. २०२० च्या साथीत घरोघरी काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. पण मात्रेविना काढे पिऊ नयेत एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. दिवस गेलेल्या सुनेला, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या सासऱ्यांना, पित्ताशयात खडे असलेल्या जाऊबाईंना काढा किंवा हळदीच्या गोळ्या द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. चिमूटभर फोडणीची गोष्ट निराळी.

आणि पाळीत जास्त जात असेल, जिना चढताना धाप लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आलं-गुळाच्या पाण्यावर दिवस काढू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. मुलांचा ताप आपण काट्यावर मोजतो. आपल्या रक्ताचा आकडा किती जणींना ठाऊक आहे? या आठवड्यात तेवढं एक काम करून टाका.