नवरदेवाचा सूट आणि दुकानदाराची सूट



लग्नसराई जवळ आली की घराघरांत याद्या सुरू होतात. भांडी, कपडे, मंडप, आचारी. आणि त्या यादीत हमखास एक ओळ असते, 'नवरदेवास सूट व घड्याळ'. आपल्या भाषेची गंमत अशी की 'तो सूट' नवरदेवाच्या अंगावर जातो आणि 'ती सूट' दुकानदाराच्या गल्ल्यात राहून जाते. कारण ती मागायला आपली जीभ रेटत नाही. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारी आपली माणसे काचेच्या दुकानात शिरली, गार हवा लागली, की चिठ्ठीवर असेल तो आकडा मुकाट्याने मोजून बाहेर येतात. आज घड्याळाच्या निमित्ताने या सुटीचाच हिशेब मांडू.

ही लाज आपल्यात आली कुठून? फार लांब जायला नको. आपल्या आज्या-पणज्यांना दुकानाची पायरी चढता येत नव्हती. पैसे खाली ठेवायचे, दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचे आणि माल वरून टाकायचा. जो माल हातात घेऊन पाहताच येत नाही, त्याचा भाव काय करणार? देईल तो माल आणि सांगेल तो दाम. ती पायरी आपण केव्हाच चढलो. दुकानात आपल्याला खुर्ची मिळते, थंड पाणी मिळते. पण मनातला संकोच अजून पायरीखालीच उभा आहे. 'भाव केला तर यांची ऐपत नाही असे म्हणतील' ही भीती त्या संकोचाचीच मुलगी.

आता दुसरी बाजू पाहा. मुंबई-पुण्याच्या बड्या शोरूममध्ये दोन-चार लाखांचे स्विस घड्याळ घेणारे गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारते? 'माझ्यासाठी काय करणार?' रोकड सूट मिळत नसेल तर जादा पट्टा मागते, पुढची एक सर्व्हिसिंग फुकट करून मागते, वाढीव गॅरंटी मागते. भारताने स्वित्झर्लंड आणि त्याच्या सोबतच्या तीन देशांशी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. अशा गिऱ्हाइकाला हे ठाऊक असते, आणि तेही तो बोलण्यात आणतो. म्हणजे लाखाचे घड्याळ घेणारा भाव करतो आणि चार हजारांचे घेणारा लाजतो. ज्याच्या घामाचा पैसा, त्यालाच तो विचारायची लाज! हे उलटे झाले.

टंचाईत सूट नसते

सूट केव्हा मिळते आणि केव्हा नाही, हे आधी समजून घेऊ. सन १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावे वाचताच आपल्यापैकी अनेकांना वडिलांचे मनगट आठवेल. त्या काळी मागणी फार आणि माल थोडा. पाहिजे ते मॉडेल मिळायला थांबावे लागे, ओळख काढावी लागे. तिथे सुटीची भाषा कोण करणार? पुढे १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी काढली. सेलवर चालणारी क्वार्ट्‌झ घड्याळे नाना आकारांत आली. मग दुकानांची स्पर्धा लागली आणि गिऱ्हाइकाला किंमत आली. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

आजही नियम तोच आहे. रोलेक्सच्या काही मॉडेलसाठी श्रीमंतांनाही यादीत नाव घालून थांबावे लागते, तिथे एक रुपया सुटत नाही. पण तुमच्या-आमच्या बजेटचा माल प्रत्येक दुकानात पेटी-पेटीने पडून असतो. पडून राहिलेला माल म्हणजे दुकानदाराचा अडकलेला पैसा. तो मोकळा करायला तुम्ही आलेले असता. म्हणून सूट मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. तो दोघांचाही सौदा आहे.

छापील किंमत ही कमाल किंमत

घड्याळाच्या डब्यावर जी किंमत छापलेली असते तिचे पूर्ण नाव 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह' असे आहे. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'कमाल' म्हणजे याच्या वर घेता येणार नाही. खाली किती यावे यावर कायद्याचे बंधन नाही. वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार छापील किमतीच्या वर पैसे घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा 'फिक्स रेट' ही पाटी म्हणजे दुकानदाराची इच्छा झाली, सरकारचा हुकूम नव्हे.

'सर्व करांसह' या दोन शब्दांत तर मोठी मेख आहे. वैजापूर तालुक्यातला, वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला एक तरुण बहिणीच्या लग्नासाठी घड्याळ घ्यायला शहरातल्या एका दुकानात गेला. छापील किंमत ४,९९५ रुपये. दुकानात २० टक्के सुटीची पाटी होती. सूट वजा जाता किंमत झाली ३,९९६ रुपये. बिल करताना दुकानदार म्हणाला, "दादा, यावर अठरा टक्के जीएसटी लागेल." म्हणजे आणखी ७१९ रुपये. एकूण ४,७१५. पोराने मनातल्या मनात हिशेब केला, तर ९९९ रुपयांची सूट घसरून २८० वर आली होती! वीस टक्के म्हणता म्हणता साडेपाच टक्के उरले.

घड्याळावर १८ टक्के जीएसटी आहे हे खरे. पण तो छापील किमतीच्या आतच धरलेला असतो. ३,९९६ रुपयांत सुमारे ६१० रुपये कर आधीच आलेला आहे. सूट दिलेल्या किमतीवर वरून पुन्हा कर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये एका प्रकरणात दिला आहे. तेव्हा व्हॅटचे दिवस होते, पण तत्त्व तेच. त्या तरुणाने डबा उलटा केला, 'सर्व करांसह' या शब्दांवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, हे काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा." दुकानदाराने बिल ३,९९६ चेच केले. आवाज चढवावा लागला नाही. वाचता येत होते, तेवढे पुरले.

सूट मागायची कशी?

पहिली गोष्ट, एकाच दुकानात जाऊन तिथेच घेऊ नका. आपल्या वैजापुरात विचारा, येवला किंवा कोपरगावला जाणे झाले तर तिथे विचारा, छत्रपती संभाजीनगरला गेलात तर गुलमंडी, पैठण गेट, सिडको अशी दोन-तीन ठिकाणे पाहा. मॉडेलचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण दिसायला सारखी दोन घड्याळे किमतीने वेगळी असतात. घरातल्या पोरापोरींना मोबाईलवर त्याच नंबरची किंमत काढायला सांगा. पोरे दिवसभर मोबाईल बघतातच; तो घराच्या कामी एकदा येऊ द्या.

दुसरी गोष्ट, डब्यावर घड्याळ कधी तयार झाले किंवा आयात झाले तो महिना आणि वर्ष छापलेले असते. ते वाचा. माल दीड-दोन वर्षांचा असेल तर सरळ म्हणा, "शेठ, सेल कारखान्यातच बसवलेला, त्याचं निम्मं आयुष्य तुमच्या कपाटात गेलं. नवा सेल टाकून द्या आणि किंमतही उतरवा." साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाचा सेल साधारण दोन-तीन वर्षे चालतो, तेव्हा हे बोलणे रास्त आहे.

तिसरी गोष्ट, एकेकट्याने घेऊ नका. एकाच महिन्यात नात्यात दोन लग्ने असतील तर दोन्ही घरची घड्याळे एकदम घ्या. नवरा-नवरीची जोडी, वर भावाचे एक. तीन घड्याळांचे गिऱ्हाईक दुकानदार सहसा परत पाठवत नाही.

चौथी गोष्ट, पैसे कमी होत नसतील तर वस्तू मागा. जादा पट्टा, पट्टा लहान करून देणे, एक सेल फुकट. काही दुकाने कंपनीच्या नियमाने बांधलेली असतात, त्यांना रोकड सूट देता येत नाही, पण एवढे ती आनंदाने करतात. काही कंपन्या मधूनमधून जुने घड्याळ घेऊन नव्यावर सूट देतात. घरातले बंद पडलेले प्लास्टिकचे घड्याळ तिथे खुशाल द्या. पण वडिलांचे चावीचे एच.एम.टी. त्यात टाकू नका. अशी जुनी घड्याळे जमवणारे लोक आज त्याचे चांगले पैसे देतात, आणि आठवणीला तर मोलच नाही.

पाचवी गोष्ट, उठायची तयारी ठेवा. 'बघतो, परत येतो' असे म्हणून नमस्कार करून बाहेर पडणे यात अपमान कोणाचाच नाही. पुष्कळदा उंबरठ्यावरच खरा भाव कळतो. बोलणे मात्र गोड ठेवा. काउंटरवर उभा असलेला पोरगाही आपल्यासारख्याच घरातला नोकर माणूस असतो. दर ठरवणे त्याच्या हातात नसते. मालकाला भेटायचे आहे असे त्याला प्रेमाने सांगा.

'बिनव्याजी' हप्त्याचे गणित

हल्ली 'व्याज नाही, हप्त्याने घ्या' अशी पाटी जागोजागी दिसते. तिथे एकच प्रश्न विचारा: "रोखीने घेतलं तर काय पडेल?" तेच ४,९९५ चे घड्याळ रोखीने ३,९९६ ला मिळत असेल आणि हप्त्याने पूर्ण ४,९९५ भरायचे असतील, तर सोडून दिलेले ९९९ रुपये हेच व्याज. वर प्रक्रिया शुल्क वेगळे. नावाला बिनव्याजी, पण सहा महिन्यांत चार हजारांवर हजार रुपये! त्यापेक्षा आपल्या बायकांच्या बचत गटातून पैसे उचलले तर व्याजही कमी आणि तेही गटातच राहते.

बिलाशिवायची सूट ही सूट नव्हे

"बिल नको असेल तर आणखी तीनशे कमी करतो." हे ऐकले की सावध व्हा. बिल नाही म्हणजे गॅरंटी कार्डाला अर्थ नाही. उद्या घड्याळ आठ दिवसांत थांबले तर कोणाकडे जाणार? वर नकली माल, ज्याला पोरे 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, तो याच वाटेने येतो. बिलावर मॉडेल नंबर आणि तारीख, कार्डावर दुकानाचा शिक्का, हे घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल मुंबईत घेतलेला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

मागून घेतलेले घड्याळ

शेवटी एक कडू गोष्ट. मुलीच्या बापाला दुकानात सूट कशी मिळेल हे आपण पाहिले, पण त्याच्या गळ्यात ही यादी कोणी बांधली? वराकडून 'अमुकच कंपनीचे पाहिजे' असा निरोप येतो तेव्हा ती भेट राहत नाही, तो हुंडा होतो. ज्या १९६१ साली एच.एम.टी.चे घड्याळ आले, त्याच साली हुंडाबंदीचा कायदाही आला. त्या कायद्याने हुंडा नुसता मागणे हाही गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षा आहे. प्रेमाने, न मागता दिलेल्या भेटीला कायद्याची आडकाठी नाही; फक्त तिची यादी लिहून ठेवावी.

रोज तीन-चारशे रुपये मजुरी मिळवणाऱ्या बापाला चार हजारांचे घड्याळ म्हणजे दहा-बारा दिवसांचा घाम. दुकानदाराने वीस टक्के सोडले तर त्यातले दोन दिवस परत मिळतात. वरपित्याने यादीतली ती ओळच खोडली तर सगळे बारा दिवस परत मिळतात. दुकानदाराकडे सूट मागायला आपण शिकूच. पण येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मुलाचे लग्न आहे, त्यांनी ही दुसरी सूट आधी, न मागता द्यावी.