सर्वांत मोठी गिटार घ्यावी काय?

गेल्या पगाराला शेजारच्या कामगार बंधूंनी ओव्हरटाइमचे पैसे आमच्यापुढे ठेवले. म्हणाले, "भाऊ, पोरीला गिटार घ्यायचीय. सर्वांत मोठी घेऊ, म्हणजे आवाज शेवटच्या रांगेत जाईल." आम्ही पडलो कारकून, आधी माहिती काढली.

मोठ्या पेटीत हवा जास्त, वरची फळीही मोठी; त्यामुळे खर्ज भरदार होतो, हे खरे. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९१६ साली अशी रुंद गिटार दुसऱ्या कंपनीसाठी बनविली आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकली. ब्रिटिश युद्धनौकेवरून तिला 'ड्रेडनॉट' म्हणतात. गिब्सनची मोठी जंबो त्याहून रुंद, सुमारे १७ इंच.

पण नुसत्या आकाराला भुलू नये. फळी जाड प्लायवुडची असेल तर मोठी पेटीही दबकी वाजते. मधल्या भोकाची कड पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेत सरळ उतरल्या असतील तर फळी अखंड लाकडाची. थर दिसले तर प्लायवुड. दुसऱ्याला वाजवायला सांगून स्वतः समोर उभे राहून ऐका.

दुकानात जंबो मांडीवर घेताच पोरीचा खांदा वर चढला, हात अवघडला. अखंड फळीची ड्रेडनॉट मात्र तिला बसली, समोर स्पष्ट ऐकूही आली. वडील आमच्याकडे पाहून म्हणाले, "पैसे माझे असले तरी वाजवायची तिलाच आहे."

पालकहो, वाद्य घेताना मुलांना सोबत न्या.